विनामूल्य मिळाले, विनामूल्य दिले : पियानोवादक फ्रान्झ लिस्ट

या पानावर आम्ही बहुधा संतांची चरित्रे देतो. आज ज्यांच्याविषयी लिहीत आहोत ते संत नव्हते. त्यांच्या हातून चुका घडल्या आणि त्या साऱ्या युरोपला ठाऊक होत्या. तरीही पियानोवादक फ्रान्झ लिस्ट यांची जीवनकथा आपल्या कुटुंबांनी, विशेषतः मुलांना संगीत शिकवणाऱ्या पालकांनी वाचावी असे आम्हांला वाटते.

लिस्ट यांचा जन्म २२ ऑक्टोबर १८११ रोजी हंगेरीच्या राज्यातील रायडिंग या खेड्यात झाला. हे गाव आता ऑस्ट्रियात आहे. वडील अॅडम हे एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या नोकरीत होते व मेंढ्यांच्या कळपांचा हिशेब ठेवीत. तरुणपणी ते काही काळ फ्रान्सिस्कन मठात उमेदवार म्हणून राहिले होते. मठ सुटला, पण भक्ती आणि संगीताची ओढ सुटली नाही. मुलाला पियानोचे पहिले धडे त्यांनीच दिले. १८२० साली नऊ वर्षांच्या फ्रान्झचे वादन ऐकून काही हंगेरियन उमरावांनी त्याच्या शिक्षणासाठी सहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले. वडिलांनी नोकरीची सुरक्षितता सोडली आणि १८२२ मध्ये कुटुंब व्हिएन्नाला आले.

तेथे फ्रान्झला कार्ल चेर्नी हे गुरू लाभले. चेर्नी स्वतः बेथोवन यांचे शिष्य. मुलाच्या अंगी विलक्षण देणगी आहे, पण त्याला तालाचे भान नाही आणि बोटांना शिस्त नाही, हे त्यांनी लगेच ओळखले. म्हणून मोठ्या रचना बाजूला ठेवून त्यांनी त्याच्याकडून सुरावली व बोटांचे व्यायाम करून घेतले. मुलाला हे कंटाळवाणे वाटे, पण गुरूंनी सूट दिली नाही. चेर्नी यांनी या शिकवणीची फी घेण्यास नकार दिला. संगीतरचनेचे धडे देणारे वृद्ध सालिएरी यांनीही पैसे घेतले नाहीत. हे शिक्षण एक-सव्वा वर्षच चालले. त्यानंतर लिस्ट यांनी पियानोसाठी दुसरा गुरू केला नाही, इतका तो पाया भक्कम होता.

१८२३ मध्ये बापलेक पॅरिसला गेले. तेथील प्रसिद्ध संगीतविद्यालयाने परदेशी म्हणून फ्रान्झला प्रवेश नाकारला. मग गावोगावी कार्यक्रम सुरू झाले. १८२७ साली अशाच एका प्रवासात वडील वारले. पंधरा वर्षांच्या मुलावर आईची जबाबदारी आली. सकाळपासून रात्रीपर्यंत शहरभर शिकवण्या करून त्याने घर चालवले. याच काळात धर्मगुरू व्हावे अशी तीव्र इच्छा त्याच्या मनात जागी झाली. आईने व पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी त्याला त्यापासून परावृत्त केले.

१८३२ साली लिस्ट यांनी व्हायोलिनवादक पागानिनी यांना ऐकले. एका वाद्यातून एवढे काही निघू शकते हे पाहून ते थक्क झाले. तेव्हा ते वीस वर्षांचे होते आणि त्यांचे नावही झालेले होते. तरी ते पुन्हा विद्यार्थ्यासारखे बसले. नुसते बोटांचे व्यायाम ते रोज चार-पाच तास करू लागले. या साधनेतूनच पुढचे लिस्ट घडले.

१८३९ ते १८४७ या आठ वर्षांत लिस्बनपासून कॉन्स्टँटिनोपलपर्यंत आणि लंडनपासून सेंट पीटर्सबर्गपर्यंत त्यांनी शेकडो कार्यक्रम केले. त्यापूर्वी मैफलीत गायक, वाद्यवृंद आणि इतर कलाकारही असत. संपूर्ण कार्यक्रम एकट्याने करण्याची प्रथा लिस्ट यांनी रूढ केली. १८४० मध्ये लंडनला अशा कार्यक्रमासाठी ‘रिसायटल’ हा शब्द वापरला गेला. पियानो आडवा ठेवून त्याचे झाकण श्रोत्यांच्या बाजूला उघडायचे आणि समोर कागद न ठेवता वाजवायचे, या आजच्या पद्धतींवरही त्यांचाच ठसा आहे. १८४१-४२ च्या हिवाळ्यात बर्लिनमध्ये त्यांनी दहा आठवड्यांत २१ कार्यक्रम केले व सुमारे ८० रचना वाजवल्या. त्यांपैकी पन्नासेक त्यांना मुखोद्गत होत्या. लोक त्यांच्या हातमोज्यांसाठी झटापट करीत.

पैसा आला तसा तो गेलाही. १८३८ मध्ये डॅन्यूबच्या पुरात पेस्ट शहराची दैना झाली. तेव्हा लिस्ट यांनी व्हिएन्नाला कार्यक्रम करून पूरग्रस्तांना मोठी मदत पाठवली. बॉन येथील बेथोवन यांच्या स्मारकाचा निधी अपुरा पडला, तेव्हाही त्यांनी हात पुढे केला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मारी दागू या विवाहित स्त्रीबरोबर ते अनेक वर्षे राहिले. त्यांना तीन मुले झाली. हे नाते तुटल्यावर मुले आजीकडे वाढली आणि वर्षानुवर्षे त्यांना वडिलांचे दर्शनही झाले नाही. ज्याचे टाळ्यांनी सर्वत्र स्वागत होत होते, त्याची आपल्याच घरात उणीव होती.

सप्टेंबर १८४७ मध्ये, कीर्तीच्या शिखरावर असताना, लिस्ट यांनी कमाईसाठी वाजवणे कायमचे थांबवले. तेव्हा त्यांना छत्तीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पुढे वायमार येथे त्यांनी वाद्यवृंद सांभाळला, रचना केल्या आणि इतरांच्या संगीताला व्यासपीठ दिले. १८५९ साली मुलगा दानिएल व १८६२ साली थोरली मुलगी ब्लांदिन यांचा मृत्यू झाला. दुःखी पित्याने रोमजवळच्या एका मठात खोली घेतली. १८६३ मध्ये पोप नववे पायस तेथे स्वतः त्यांना भेटायला आले व त्यांचे वादन ऐकून गेले.

१८६५ साली लिस्ट यांनी द्वाररक्षक, वाचक, अपदूत-निवारक आणि वेदीसेवक या चार लघुदीक्षा स्वीकारल्या. ते धर्मगुरू नव्हते. त्यांना मिस्सा अर्पण करण्याचा किंवा पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार नव्हता. मात्र त्यानंतर ते झगा घालीत आणि लोक त्यांना आबे लिस्ट म्हणत. १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी या लघुदीक्षा बंद केल्या. वाचक व वेदीसेवक ही सेवापदे तेवढी ठेवली.

यानंतरची लिस्ट यांची वर्षे आम्हांला सर्वांत मोलाची वाटतात. १८६९ पासून ते वर्षाचा काळ रोम, वायमार व बुडापेस्ट यांत वाटून घेत. युरोप-अमेरिकेतून तरुण पियानोवादक त्यांच्याकडे येत. कोणाकडूनही त्यांनी फी घेतली नाही. बोटांचा सराव घरी करून यावा आणि येथे संगीताचा अर्थ शोधावा, अशी त्यांची रीत होती. बुडापेस्टची संगीत अकादमी १८७५ मध्ये सुरू झाली तिचे ते पहिले अध्यक्ष. चेर्नी यांनी एका गरीब मुलाला जे दिले, ते त्याने शेकडोंना परत केले.

क्रूसाच्या वाटेतील चौदा स्थानांवर त्यांनी १८७९ मध्ये एक संगीतरचना पूर्ण केली. त्यात त्यांच्या तरुणपणातला झगमगाट नाही. सूर मोजके आहेत आणि मध्ये मोठी शांतता आहे. प्रकाशकाने ती नाकारली. तिचा पहिला प्रयोग बुडापेस्टला १९२९ साली झाला, पण तो ऐकायला लिस्ट नव्हते. ३१ जुलै १८८६ रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षी, जर्मनीतील बायरॉइट येथे न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले होते.

आपल्यापैकी अनेकांची मुले कीबोर्ड, गिटार किंवा व्हायोलिन शिकतात. परीक्षा होतात, बक्षिसे मिळतात आणि आपल्याला आनंद होतो. तो जरूर व्हावा. पण मुलाने सुरावलीचा कंटाळा केला तर त्याला चेर्नींची गोष्ट सांगावी. आणि मूल चांगले वाजवू लागले की त्याने रविवारी गायनमंडळाला साथ द्यावी, एखाद्या लहानग्याला पैसे न घेता शिकवावे. देणगी वाटल्याने कमी होत नाही. आणि मुलांना वेळ देण्याचे आपण पालकांनी उद्यावर टाकू नये. लिस्ट यांना पुढे सर्व काही देता आले, पण मुलांच्या बालपणीची ती वर्षे त्यांना परत देता आली नाहीत.