विश्लेषण : चंद्र-ताऱ्यांना काचेवर उतरवणारा डॉक्टर... हौशी खगोल छायाचित्रणाचा पाया रचणारे हेन्री ड्रेपर कोण होते?

सौरमालेबाहेरच्या ग्रहांच्या बातम्यांमध्ये ताऱ्यांच्या नावाआधी अनेकदा ‘एचडी’ ही अक्षरे दिसतात. २०१९ मध्ये भारताला एका ताऱ्याला आणि त्याच्या ग्रहाला नाव देण्याची संधी मिळाली, तेव्हा ‘एचडी ८६०८१’ हा तारा भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधरी यांच्या स्मरणार्थ ‘बिभा’ झाला आणि त्याचा ग्रह ‘संतमस’. यातील ‘एचडी’ म्हणजे हेन्री ड्रेपर. न्यूयॉर्कमध्ये डॉक्टरकीचे शिक्षण घेतलेला, वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारा आणि उरलेल्या रात्री आकाशाचे फोटो काढणारा हा हौशी माणूस. आज मोबाइल दुर्बिणीला लावून चंद्राचा फोटो काढणाऱ्यांना ज्या अडचणी येतात, त्यातील बहुतेक अडचणींशी ड्रेपर दीडशे वर्षांपूर्वी झगडले होते.

छंदाची सुरुवात कुठून झाली?

हेन्री यांचा जन्म ७ मार्च १८३७ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनियात झाला. ते दोन वर्षांचे असताना वडिलांना नोकरी मिळाल्याने कुटुंब न्यूयॉर्कला आले. वडील जॉन विल्यम ड्रेपर रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. फ्रान्समध्ये दागेर यांनी छायाचित्रणाची पद्धत १८३९ मध्ये जाहीर केली आणि पुढच्याच वर्षी जॉन ड्रेपर यांनी न्यूयॉर्कमध्ये चंद्राचे छायाचित्र मिळवले. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सुमारे २० मिनिटे प्रकाश पाडल्यावर चंद्राची इंचभर प्रतिमा उमटली. जतन होण्याजोग्या चांद्रचित्रांमधील हे सर्वांत आधीचे मानले जाते.

अशा घरात वाढलेल्या हेन्री यांनी किशोरवयातच वडिलांच्या शरीरशास्त्रावरील पुस्तकासाठी सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या नमुन्यांची छायाचित्रे काढली. प्लीहेवरील त्यांच्या वैद्यकीय प्रबंधालाही अशाच छायाचित्रांची जोड होती. १८५७ मध्ये, विसाव्या वर्षी, त्यांचा अभ्यासक्रम पूर्ण झाला. पण पदवीसाठी वय कमी पडले. मधल्या काळात ते युरोपला गेले. तिथे आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांची सहा फूट व्यासाच्या आरशाची दुर्बीण त्यांनी पाहिली. त्या काळातील ती जगातील सर्वांत मोठी दुर्बीण. मात्र तिच्यातून जे दिसे, ते निरीक्षक डोळ्यांनी पाहून हाताने रेखाटत. दोन निरीक्षकांची एकाच तेजोमेघाची चित्रे सारखी येत नसत. दुर्बीण आणि कॅमेरा एकत्र आणले तर हा वादच संपेल, ही कल्पना घेऊन ड्रेपर मायदेशी परतले.

स्वतःची दुर्बीण का बनवावी लागली?

पदवीनंतर ड्रेपर बेलव्ह्यू रुग्णालयात काम करू लागले आणि हडसन नदीकाठी हेस्टिंग्ज येथील वडिलांच्या जागेत त्यांनी छोटी वेधशाळा उभारली. त्या वेळी दुर्बिणीचे आरसे तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचे असत. ड्रेपर यांनीही साडेपंधरा इंचांचा तसा आरसा घासून तयार केला. एका हिवाळी रात्री आधारात शिरलेले पाणी गोठून फुगले आणि अनेक महिन्यांची मेहनत असलेला आरसा तडकला.

याच सुमारास इंग्लंडमध्ये जॉन हर्शेल यांनी थोरल्या ड्रेपर यांना काचेचा आरसा करून त्यावर चांदीचा पातळ थर द्यावा, असे सुचवले होते. काच धातूपेक्षा हलकी आणि चांदी जास्त प्रकाश परत पाठवणारी. चांदी काळवंडली तर ती काढून पुन्हा चढवता येते, काच नव्याने घासावी लागत नाही. ड्रेपर यांनी हा मार्ग धरला. पाव इंचापासून १९ इंचांपर्यंतचे शंभरहून अधिक आरसे त्यांनी घासले. त्यातून तयार झालेल्या साडेपंधरा इंची दुर्बिणीची सविस्तर कृती स्मिथसोनियन संस्थेने १८६४ मध्ये प्रसिद्ध केली. आरसा घासण्यापासून फोटो धुण्यापर्यंत सगळे त्यात होते. घरी दुर्बीण बनवू पाहणाऱ्यांसाठी ते पुस्तक पुढची अनेक वर्षे वाटाड्या ठरले.

चंद्राचे फोटो काढण्यात अडचण काय होती?

पहिली अडचण पृथ्वीच्या फिरण्याची. आकाश सतत पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकताना दिसते. दुर्बीण स्थिर ठेवली तर काही सेकंदांतच प्रतिमा फरफटते. शिवाय चंद्र ताऱ्यांच्या तुलनेत रोज सुमारे १३ अंश पूर्वेकडे सरकतो, म्हणजे ताऱ्यांच्या गतीने दुर्बीण फिरवूनही भागत नाही. ड्रेपर यांनी अवजड दुर्बीण फिरवण्याऐवजी प्रकाशसंवेदी काचेची चौकटच चंद्राच्या वेगाने सरकवण्याची युक्ती केली. आज हौशी छायाचित्रकार मोटार लावलेला ‘ट्रॅकर’ वापरतात, त्यामागचे तत्त्व हेच.

दुसरी अडचण काचेची. तेव्हाच्या ओल्या कोलोडियन पद्धतीत काचेवर रसायन लावून ती ओली असतानाच फोटो काढावा आणि धुवावा लागे. हाताशी जेमतेम काही मिनिटे असत. चंद्र तेजस्वी असल्याने त्याच्यासाठी ती पुरत. मंद ताऱ्यांसाठी आणि तेजोमेघांसाठी मात्र ती अपुरी होती.

तिसरी अडचण हवेची. वातावरण अस्थिर असले की प्रतिमा थरथरते. त्यावर उपाय एकच : भरपूर फोटो काढायचे आणि स्थिर क्षणी मिळालेले निवडायचे. ड्रेपर यांनी चंद्राच्या सुमारे दीड हजार निगेटिव्ह काढल्या. त्यातल्या सर्वोत्तम निगेटिव्ह तीन फुटांपर्यंत मोठ्या करता आल्या, एक तर ५० इंचांपर्यंत. आजचे हौशी छायाचित्रकार चंद्राचा व्हिडीओ काढून त्यातील उत्तम चौकटी संगणकावर एकमेकींवर रचतात, तो याच उपायाचा पुढचा टप्पा.

ताऱ्याचा वर्णपट टिपण्याचे महत्त्व काय?

१८६२ मध्ये अमेरिकी यादवी युद्धात ड्रेपर यांनी काही महिने लष्करी शल्यचिकित्सक म्हणून काम केले. पुढे ते वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक आणि अधिष्ठाता झाले. १८६७ मध्ये त्यांचा मेरी ॲना पामर यांच्याशी विवाह झाला. श्रीमंत घरातल्या मेरी वेधशाळेतील कामात बरोबरीच्या साथीदार झाल्या. उन्हाळ्यात डॉब्स फेरीच्या घरातून दोन मैलांवरच्या वेधशाळेत दोघे एकत्र जात. ओल्या काचांवर रसायन चढवण्याचे कामही त्या करत.

२८ इंची नव्या दुर्बिणीने ऑगस्ट १८७२ मध्ये ड्रेपर यांनी अभिजित ताऱ्याच्या वर्णपटाचे छायाचित्र काढले. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून गेला की रंगांच्या पट्ट्यात काळ्या रेषा दिसतात. कोणत्या मूलद्रव्याने कोणता रंग शोषला, हे त्या रेषा सांगतात. इंग्लंडमधील विल्यम हगिन्स यांनी त्याआधी असा प्रयत्न केला होता, पण रेषा उमटल्या नव्हत्या. ड्रेपर यांच्या काचेवर त्या प्रथमच स्पष्ट आल्या. ताऱ्याचा फोटो तो कुठे आहे हे दाखवतो. वर्णपटाचा फोटो तो कशाचा बनला आहे, हे सांगतो.

१८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणासाठी अमेरिकी सरकारने जगभर पथके पाठवली, तेव्हा छायाचित्रणाच्या तयारीची जबाबदारी ड्रेपर यांच्याकडे होती. या कामासाठी त्यांना सुवर्णपदक देण्यात आले. २९ जुलै १८७८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ते वायोमिंगमधील रॉलिन्स येथे गेले. त्या पथकात थॉमस एडिसनही होते. सेकंद मोजण्याचे काम मेरी यांच्याकडे होते. लक्ष विचलित होऊन मोजणी चुकू नये म्हणून त्या तंबूत बसल्या. ग्रहणासाठी इतका प्रवास करूनही त्यांनी ते पाहिले नाही.

ड्रेपर यांचे सगळेच दावे मात्र टिकले नाहीत. १८७७ मध्ये त्यांनी सूर्याच्या वर्णपटात ऑक्सिजनच्या तेजस्वी रेषा सापडल्याचे जाहीर केले. बाजू मांडण्यासाठी ते लंडनलाही गेले. सूर्यावर ऑक्सिजन आहे हे नंतर वेगळ्या रेषांवरून सिद्ध झाले. ड्रेपर यांनी दाखवलेला पुरावा मात्र चुकीचा ठरला.

तेजोमेघाचे पहिले छायाचित्र कसे मिळाले?

१८७० च्या दशकात जिलेटिनच्या कोरड्या प्लेट आल्या आणि चित्र पालटले. आता काच वाळण्याची घाई नव्हती. कितीही वेळ प्रकाश साठवता येत होता. मानवी डोळा क्षणभराचाच प्रकाश पाहतो, तासभर टक लावून पाहिले तरी मंद वस्तू उजळ होत नाही. प्लेटवर मात्र प्रकाश साचत जातो. अट एकच, तेवढा वेळ दुर्बिणीने अचूक पाठलाग केला पाहिजे.

३० सप्टेंबर १८८० च्या रात्री ड्रेपर यांनी ११ इंची भिंगाची दुर्बीण मृग नक्षत्रातील तेजोमेघावर रोखली आणि ५१ मिनिटे प्रकाश पडू दिला. कोणत्याही तेजोमेघाचे ते पहिले छायाचित्र. मार्च १८८२ पर्यंत त्यांनी एक्स्पोजर १३७ मिनिटांपर्यंत नेले. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये आणखी एक हौशी निरीक्षक, पेशाने अभियंता असलेले अँड्र्यू कॉमन यांनी घरच्या बागेतील ३६ इंची दुर्बिणीने याच तेजोमेघाचे अधिक सरस चित्र काढले. डोळ्यांना न दिसणारे तारे त्यावर उमटले होते.

अकाली मृत्यूनंतर काम थांबले का?

सासऱ्यांच्या निधनानंतर त्यांच्या मोठ्या मालमत्तेची व्यवस्था ड्रेपर यांच्यावर आली होती. अध्यापन, व्यवहार आणि आकाश यांत वेळ वाटला जाई. १८८२ मध्ये त्यांनी प्राध्यापकपद सोडले. पुढची वर्षे संशोधनाला द्यायची होती. त्याच शरद ऋतूत रॉकी पर्वतात मित्रांसोबत शिकारीला गेले असताना ते हिमवादळात उघड्यावर सापडले. परतल्यावर १५ नोव्हेंबरला त्यांच्या न्यूयॉर्कमधील घरी राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सदस्यांसाठी भोजन होते. विजेच्या दिव्यांनी घर उजळले होते, पण यजमान तापाने फणफणले होते. फुप्फुसाच्या आवरणाचा दाह वाढून २० नोव्हेंबर रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वर्णपटांच्या काचा कपाटात पडून राहण्याची शक्यता होती. मेरी यांना आधी वेधशाळा स्वतः चालवायची होती. पण हार्वर्डच्या वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांच्याशी चर्चा झाल्यावर १८८६ मध्ये त्यांनी तिथे ‘हेन्री ड्रेपर स्मारक’ निधी उभारला आणि पतीची ११ इंची दुर्बीणही दिली. या पैशातून हजारो ताऱ्यांचे वर्णपट टिपले गेले आणि त्यांचे वाचन प्रामुख्याने महिलांनी केले. पिकरिंग यांच्या घरी कामाला लागलेल्या विल्यमिना फ्लेमिंग, ड्रेपर यांची भाची अँटोनिया मॉरी आणि ॲनी जंप कॅनन ही त्यातील ठळक नावे. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम हा ताऱ्यांच्या तापमानानुसार लावलेला क्रम याच कामातून आला. १९१८ ते १९२४ दरम्यान प्रसिद्ध झालेल्या हेन्री ड्रेपर सूचीत २,२५,३०० ताऱ्यांचे वर्गीकरण आहे. मेरी यांचे १९१४ मध्ये निधन झाले, त्यामुळे ही सूची त्यांना छापील स्वरूपात पाहता आली नाही. मृत्युपत्रातही त्यांनी या कामासाठी रक्कम ठेवली होती.

आजच्या हौशी छायाचित्रकारांसाठी धडा काय?

उपकरणे बदलली, तत्त्वे तीच राहिली. चंद्राचा तपशील पौर्णिमेपेक्षा अष्टमीच्या आसपास चांगला मिळतो, कारण उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. एका फोटोवर समाधान न मानता अनेक घ्यावे लागतात. तेजोमेघासाठी महागड्या कॅमेऱ्याइतकेच अचूक पाठलाग करणारे बैठे महत्त्वाचे. त्याहून मोठी गोष्ट नोंदीची. तारीख, वेळ आणि एक्स्पोजर लिहिलेला फोटो दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडू शकतो. ड्रेपर यांच्या काचा त्यांच्यानंतर वाचता आल्या, मोजता आल्या. एका डॉक्टरच्या फावल्या वेळातील छंदाचे नाव सव्वादोन लाख ताऱ्यांना लागले, ते त्यामुळेच.