अटी लागू

रमण सायन्स सेंटर माहीत नाही असा नागपूरकर सापडणं कठीण. गांधीसागरसमोरचं हे सेंटर १९९२ मध्ये सुरू झालं आणि तिथे ट्रिप नेली नाही अशी शाळा शहरात क्वचितच असेल. सर सी. व्ही. रमण स्वतः १९१० मध्ये सरकारी हिशेब खात्यातले अधिकारी म्हणून नागपुरात नोकरीला होते, हे मात्र कमी जणांना ठाऊक असतं. पण मला आज रमण यांच्याबद्दल लिहायचं नाहीये. पुढे तेवीस वर्षांनी बंगलोरला त्यांच्या ऑफिससमोर ठाण मांडणाऱ्या एका मराठी मुलीबद्दल लिहायचं आहे.

तिचं नाव कमला भागवत, लग्नानंतरच्या डॉ. कमला सोहोनी. जन्म १९११, इंदूर. मराठी वाचणाऱ्यांना दुर्गा भागवत हे नाव नक्की माहीत असतं. कमलाबाई या दुर्गाबाईंच्या धाकट्या बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही केमिस्ट आणि दोघेही बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या आय. आय. एस्सी. मध्ये, शिकलेले. त्यामुळे आपणही बी. एस्सी. नंतर तिथेच जायचं हे कमलाबाईंनी जवळजवळ धरूनच ठेवलं होतं. १९३३ मध्ये केमिस्ट्री आणि फिजिक्स घेऊन त्या मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या आणि त्यांनी अर्ज पाठवला. अर्ज नामंजूर झाला. मार्क कमी पडले म्हणून नाही, तर अर्जदार मुलगी आहे म्हणून. तेव्हा इन्स्टिट्यूटचे डायरेक्टर होते नोबेल मिळवून तीनच वर्षं झालेले सर सी. व्ही. रमण.

आपण काय केलं असतं? दुसऱ्या कॉलेजचा फॉर्म भरला असता. कमलाबाई थेट बंगलोरला गेल्या आणि नकाराचं कारण विचारू लागल्या. ते दिवस गांधीजींचे. त्यांनी डायरेक्टरच्या ऑफिससमोर सत्याग्रहच केला. शेवटी रमण कबूल झाले, पण अटी घालून. पहिलं वर्ष त्यांना रेग्युलर विद्यार्थिनी धरायचं नाही. गाइड सांगतील तेव्हा, अगदी रात्री उशिरापर्यंतसुद्धा, काम करायचं. आणि तिसरी अट कहर होती: लॅबमधल्या मुलांचं लक्ष विचलित होईल असं वागायचं नाही. म्हणजे लक्ष मुलांचं उडणार आणि हमी मुलीने द्यायची! कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, कारण दुसरा रस्ताच नव्हता. पण हा अपमान त्या विसरल्या नाहीत. म्हातारपणीही त्यांनी तो बोलून दाखवला. रमण मोठे शास्त्रज्ञ होते म्हणून ही गोष्ट हळूच बाजूला सरकवावी असं मला तरी वाटत नाही.

गाइड मिळाले एम. श्रीनिवासय्या. शिस्तीचे कडक, पण शिकवायला मोकळे. त्यांच्याकडे कमलाबाईंनी दूध आणि डाळींमधल्या प्रोटीन्सवर काम केलं. वर्षभराने रमण यांचं समाधान झालं, त्या रेग्युलर झाल्या आणि त्यानंतर इन्स्टिट्यूटचं दार इतर मुलींनाही उघडलं. १९३६ मध्ये एम. एस्सी. झाली, तीही डिस्टिंक्शनने.

बायोकेमिस्ट्रीसाठी तो काळ भन्नाट होता. शरीरात नेमकं काय काय असतं याची यादीच तेव्हा तयार होत होती म्हणा ना. कमलाबाई बंगलोरला होत्या तेव्हाच, १९३४ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गायीच्या डोळ्यातून हायलुरॉनिक ॲसिड वेगळं काढलं. सांध्यांमध्ये वंगणाचं काम करणारा हाच तो पदार्थ, जो आज गुडघ्याच्या इंजेक्शनपासून चेहऱ्याच्या क्रीमपर्यंत सगळीकडे आहे. कमलाबाईंच्या वाट्याला आलेला पदार्थ जाहिरातीत दिसत नाही, पण त्याच्याशिवाय आपलं चालत नाही.

१९३७ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या. व्हिटॅमिन्सच्या कामासाठी नोबेल मिळवलेले सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांच्या विभागात त्यांना जागा मिळाली. आधी डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर काम झालं. हिल वनस्पतींवर काम करायचे, म्हणून कमलाबाईंनी बटाटा हातात घेतला. हो, तोच, जो आपल्या मेसच्या प्रत्येक भाजीत असतो. त्या बटाट्यात त्यांना सायटोक्रोम सी सापडलं.

हे काय असतं ते आपल्या भाषेत सांगते. खाल्लेल्या अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन पेशीत एका रेणूकडून दुसऱ्या रेणूकडे जात जात शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोचतात आणि त्या प्रवासात आपल्याला एनर्जी मिळते. एक सर्किटच समजा. सायटोक्रोम सी हे त्यातलं छोटंसं प्रोटीन, शेवटून दुसऱ्या टप्प्यावरचं. त्याच्या पोटात लोखंडाचा एक अणू असतो. तो इलेक्ट्रॉन घेतो, पुढे नेऊन देतो आणि परत रिकामा होतो. ही ने-आण बंद पडली तर श्वास चालू असूनही पेशी गुदमरते. सायनाइड नेमकं याच्या पुढचं स्टेशन बंद पाडतं, म्हणून ते इतकं घातक. डेव्हिड कायलिन यांनी १९२५ मध्ये केंब्रिजलाच सायटोक्रोम हे नाव दिलं होतं. कमलाबाईंनी दाखवलं की वनस्पतींच्या पेशींतही तेच सायटोक्रोम सी तेच काम करतं. म्हणजे श्वसनाच्या बाबतीत बटाटा आणि बटाटा खाणारा यांचं वायरिंग एकच! १९९६ मध्ये तर असं कळलं की खराब झालेल्या पेशीला मरायचा सिग्नल द्यायलाही हेच प्रोटीन लागतं. पण ते कमलाबाईंच्या कामानंतर खूप वर्षांनी.

या कामाचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता आणि त्याला दीड वर्षही लागलं नाही. (आपले सेमिनार रिपोर्ट आठवा.) १९३९ मध्ये पीएच. डी. मिळाली. विज्ञानात पीएच. डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांची नोंद होते. जानकी अम्मल यांना १९३१ मध्येच अमेरिकेतल्या मिशिगनची डी. एस्सी. मिळाली होती, त्यामुळे पहिलं कोण यावर वाद घालणारे घालतात. मला त्या वादात रस नाही.

बाहेर राहता आलं असतं, पण त्या त्याच वर्षी परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्री विभागाच्या प्रमुख झाल्या, मग कुन्नूरच्या न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीत गेल्या. १९४७ मध्ये एम. व्ही. सोहोनी यांच्याशी लग्न होऊन मुंबईला आल्या आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या.

इथलं काम मला सगळ्यात आवडतं, कारण ते सरळ ताटातलं आहे. वाल घ्या, ज्याला आपल्या विदर्भात पोपट म्हणतात. कच्च्या वालात एक असा पदार्थ असतो, जो आपल्या आतड्यातल्या ट्रिप्सिनला, म्हणजे प्रोटीन पचवणाऱ्या एन्झाइमला, अडवतो. प्रोटीन पोटात जातं पण पुरतं पचत नाही. नीट शिजवलं की हा अडथळा बराचसा निघून जातो. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पन्नासच्या दशकात वालासकट कडधान्यांमधल्या अशा पदार्थांचा अभ्यास केला. गरिबाला प्रोटीन डाळीतूनच मिळणार, मग त्याच डाळीत काय अडतं हे शोधायलाच हवं होतं. नीरेचं कामही याच धर्तीवरचं. ताडाचा ताजा रस आंबायच्या आत प्यायला तर कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना फायदा होतो, असं त्यांनी दाखवलं. त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध योजनेच्याही त्या सल्लागार होत्या.

आणि तरीही इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचं डायरेक्टरपद त्यांना चार वर्षं उशिरा मिळालं. कारण तेच जुनं, १९३३ चं. ह्याला आता काय म्हणायचं!

रिटायर झाल्यावर घरी बसायचा त्यांचा स्वभाव नव्हता. १९६६ मध्ये मुंबईत कन्झ्युमर गायडन्स सोसायटी निघाली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्ष झाल्या. सोसायटीच्या ‘कीमत’ या मासिकात ग्राहकांसाठी लेख लिहायच्या. दुर्गाबाईंची पुस्तकं घरोघरी पोचली, धाकट्या बहिणीचं नाव मात्र लॅबबाहेर फारसं गेलं नाही. गुगलने डूडल केलं तेही २०२३ मध्ये.

दिल्लीला इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चने त्यांचा सत्कार केला. तेव्हा कौन्सिलच्या महासंचालक होत्या डॉ. जी. व्ही. सत्यवती, त्या पदावर पोचलेल्या पहिल्या स्त्री. सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत असतानाच कमलाबाई कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गेल्या.