पतंगांच्या पंखांत रमलेला कर्नल

मुंबईच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ निसर्गप्रेमी एकत्र आले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा पाया घातला गेला. डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासह या संस्थापकांमध्ये एक लष्करी अधिकारीही होते. ते म्हणजे कर्नल चार्ल्स स्विन्हो.

स्विन्हो यांचा जन्म १८३८ साली कलकत्त्यात झाला. चीन व तैवानमधील प्राणिजीवनाचे विख्यात अभ्यासक रॉबर्ट स्विन्हो हे त्यांचे थोरले बंधू. चार्ल्स १८५५ मध्ये सैन्यात दाखल झाले. १८८० साली अफगाण युद्धात कंदाहारला असतानाही त्यांनी पक्ष्यांचे नमुने जमविले. मात्र त्यांचे मन खऱ्या अर्थाने रमले ते पतंगांत. मुंबई व दख्खनमधील फुलपाखरे आणि पतंगांवरील त्यांचा विस्तृत अभ्यास १८८५ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीने प्रसिद्ध केला. पुढे १८८७ ते १८८९ या काळात ई. सी. कोट्स यांच्यासमवेत त्यांनी भारतातील पतंगांची सूची सिद्ध केली.

हे काम सोपे नव्हते. टायगर मॉथ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पतंगांचेच उदाहरण घ्या. पांढऱ्या पंखांवर लाल-काळे ठिपके मिरविणारा युटेथिसा पुल्केला आफ्रिकेत आढळतो, तसाच भारतातही. त्याच्या अळ्या तागावर वाढतात. हातकणंगलेसारख्या उसाच्या पट्ट्यात हिरवळीच्या खतासाठी पेरला जाणारा ताग तो हाच. एकाच जातीत ठिपके कमी-अधिक असतात, तर भिन्न जाती कधी हुबेहूब दिसतात. मग केवळ रंगावर विसंबून नाव कसे द्यावे?

निलगिरीत चहाचा मळा सांभाळलेले जॉर्ज हॅम्पसन यांनी याचे उत्तर पंखांच्या शिरांच्या रचनेत शोधले. त्यांचे भारतीय पतंगांवरील चार खंड १८९२ ते १८९६ दरम्यान निघाले. त्यांत पूर्वसूरींची कित्येक नावे एकमेकांत विलीन झाली. स्विन्हो यांनी दिलेली काही नावेही त्यातून सुटली नाहीत.

पण शिराही अपुऱ्या ठरल्या. आफ्रिकेपासून भारत आणि ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेल्या अमेरिला या प्रजातीचे पतंग डिवचले असता वक्षातून फेस सोडतात. त्यांच्या अनेक आफ्रिकी जाती वरवर सारख्याच दिसतात. हॉयझर आणि बोप्रे या जर्मन शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये त्यांची फेरमांडणी केली, ती जननेंद्रियांची रचना बारकाईने तपासून. त्यानंतर डीएनएच्या अभ्यासाने टायगर मॉथचे स्वतंत्र कुलही मोडीत काढून त्यांना एरेबिडी या मोठ्या कुलात सामावून घेतले.

निवृत्तीनंतर इंग्लंडमध्ये स्विन्हो यांनी ऑक्सफर्डच्या संग्रहाची सूची केली, आफ्रिकेतील पतंगांवर लिहिले आणि फ्रेडरिक मूर यांच्या निधनामुळे अपुरा राहिलेला भारतीय फुलपाखरांवरील ग्रंथ तडीस नेला. १९२३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची काही नावे टिकली, काही पुसली गेली. परंतु त्यांनी वर्णन केलेल्या कित्येक जातींचे मूळ नमुने लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आजही जपलेले आहेत. वर्गीकरणाचे निकष बदलतात, तेव्हा प्रत्येक नव्या अभ्यासकाला पुन्हा त्या नमुन्यांपाशीच यावे लागते.