डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस

आपल्या महाराष्ट्रात पुष्कळ थोर माणसे होऊन गेली. डॉक्टर कोटणीस हे त्यांपैकीच एक. त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूरला झाला. मुंबईला शिकून ते डॉक्टर झाले.

तेव्हा जपानने चीनवर स्वारी केली होती. चीनमध्ये जखमी लोक लय होते आणि डॉक्टर कमी. चीनने आपल्या देशाकडे मदत मागितली. म्हणून १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. त्यांत आपल्या विदर्भातले, नागपूरचे डॉ. चोळकर पण होते. कोटणीस तेव्हा २७ वर्षांचे होते.

गोळी लागली की रक्त वाहते. रक्त जास्त गेले की माणूस मरतो. दवाखाना लांब असला तर तिथं नेईपर्यंतच जीव जातो. म्हणून हे डॉक्टरच लढाईच्या जवळ जायचे. १९४० साली कोटणीसांनी तीन दिवस, तीन रात्री न झोपता ऑपरेशने केली.

ते चिनी भाषा शिकले. कुठं दुखते हे विचारायला रोग्याची भाषा यायला पाहिजे ना! मग ते चिनी मुलांना डॉक्टरकी शिकवू लागले. कॅनडाचे डॉ. बेथून तिथे जखमींची सेवा करायचे. ऑपरेशन करताना बोट कापले, ते चिघळले आणि १९३९ साली ते वारले. त्यांच्या नावाच्या दवाखान्याचे कोटणीस १९४१ साली प्रमुख झाले.

कोटणीस चीनमध्ये असताना त्यांचे वडील वारले. तरी ते परत आले नाहीत. त्यांनी गुओ छिंगलान यांच्याशी लग्न केले. त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. पण बाळ लहान असतानाच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, फिटच्या आजाराने कोटणीस वारले. वय फक्त ३२. बाकीचे चारही डॉक्टर पुढे मायदेशी आले. कोटणीस आलेच नाहीत.

आमच्या वर्गात यावर वाद झाला. काही मुले म्हणाली की आपलाच देश तेव्हा गुलाम होता, इथं पण रोगी होते, मग ते परक्या देशात कशाला गेले? त्यांच्या आईला किती वाईट वाटले असेल! दुसरी मुले म्हणाली की रक्त वाहणाऱ्या माणसाला देश विचारत बसू नये. मला दोन्ही बाजू पटल्या. पण तिथले जखमी थांबू शकत नव्हते, म्हणून ते गेले ते बरोबरच केले, असे मला वाटते.

आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. रस्त्यावर अपघात होतात. तेव्हा नुसती गर्दी करू नये. मोठ्या माणसांना बोलवावे. १०८ नंबरला फोन करावा. रक्त वाहत असेल तर जखमेवर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरावे. आपण डॉक्टर नसलो तरी एवढे करूच शकतो.

इयत्ता ४ थी
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, जि. बुलढाणा