रंगभूमीवरून प्रायश्चित्ताकडे

इव्ह लाव्हालिएर ही पॅरिसच्या व्हारिएते नाटकगृहाची नामांकित नटी. तिचा जन्म १८६६ सालीं तूलों येथें झाला. १८८४ सालीं बापानें तिच्या डोळ्यांदेखत आईस गोळी घातली व आत्महत्या केली. पुढें कीर्ति व पैसा अमाप मिळाला, पण मनःशांति लाभली नाहीं. १९१७ सालीं शांसो या खेड्यांतील धर्मगुरूच्या उपदेशानें तिनें पापनिवेदन करून ख्रिस्तशरीर स्वीकारिलें व रंगभूमि कायमची सोडिली. कार्मेल मठानें तिला प्रवेश नाकारिला, तरी ती खचली नाहीं. ती फ्रान्सिस्कन तृतीय संघांत दाखल झाली. ट्युनिसियांत तिनें आजाऱ्यांची शुश्रूषा केली. ता. १० जुलै १९२९ रोजीं ती थ्युइयेर गांवीं वारली. मठाबाहेर राहूनहि जीवन देवास वाहतां येतें, हें आम्ही तिच्यापासून शिकतों.