हॉल सेन्सरमधले ‘हॉल’ नेमके कोण?

नगर-मनमाड रस्त्यावर भर उन्हात चालती गाडी अचानक बंद पडते. इंजिन थंड झालं की काही झालंच नाही अशी परत सुरू होते. गॅरेजवाला स्कॅनर लावतो, पी०३३५ हा कोड दिसतो आणि निदान होतं की क्रँक सेन्सर गेला. बऱ्याच गाड्यांमध्ये हा सेन्सर ‘हॉल इफेक्ट’वर चालतो. हे हॉल म्हणजे एडविन हर्बर्ट हॉल. त्यांनी शोध लावला तेव्हा रस्त्यावर पेट्रोलची मोटारगाडीच नव्हती!

पुस्तकावर घेतलेली शंका

हॉल यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८५५ चा, अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या गोरहॅमचा. १८७५ मध्ये ते बोडिन कॉलेजातून पदवीधर झाले, दोन वर्षं शाळेत शिकवलं आणि १८७७ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकायला गेले. तिथे हेन्री रोलँड हे त्यांचे प्राध्यापक होते.

तेव्हा विजेच्या अभ्यासात जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचा १८७३ चा ग्रंथ म्हणजे शेवटचा शब्द. त्यात म्हटलं होतं की चुंबक ढकलतो तो तारेला, तिच्यातल्या प्रवाहाला नाही. हॉलना हे पटेना. तारेत वीज नसेल, तर चुंबक तांब्याच्या तारेला हलवत नाही. म्हणजे जोर प्रवाहावरच पडत असणार ना? त्यांनी रोलँडना विचारलं, तर त्यांनाही तीच शंका होती. त्यांनी स्वतः प्रयोगही करून पाहिला होता, पण हाती काही लागलं नव्हतं.

हॉल यांचा पहिला प्रयत्नही फसला. मग रोलँड यांच्या सूचनेवरून त्यांनी काचेवर सोन्याचा अतिशय पातळ वर्ख बसवला, त्यातून वीज सोडली आणि तो मोठ्या विद्युतचुंबकात ठेवला. वर्खाच्या दोन्ही कडांना गॅल्व्हानोमीटर जोडला. २८ ऑक्टोबर १८७९ रोजी काटा हलला.

समजा पाटाचं पाणी सरळ वाहतंय आणि कुणीतरी ते एका काठाकडे ढकलतंय. तसा चुंबक प्रवाहाला एका कडेकडे ढकलतो आणि दोन कडांमध्ये छोटासा व्होल्टेज तयार होतो. पट्टी जाड असेल तर तो इतका कमी असतो की मोजताच येत नाही. म्हणून वर्खाने काम केलं. त्यानंतर आठवडाभरातच, ५ नोव्हेंबरला मॅक्सवेल वारले. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून १८ वर्षं होती. वाहतं काय हेच माहीत नसताना हॉलनी त्याचं वळणं मोजलं होतं.

मास्तर हॉल

१८८० मध्ये डॉक्टरेट, १८८१ मध्ये हार्वर्ड, १८९५ मध्ये प्राध्यापक आणि १९२१ मध्ये निवृत्ती. या काळात त्यांनी आणखी एक मोठं काम केलं. शाळेतल्या मुलांनी भौतिकशास्त्र नुसतं पाठ करू नये, हाताने मोजून शिकावं, यासाठी त्यांनी प्रयोगांची यादी तयार केली. हार्वर्डच्या प्रवेशासाठी ती वापरली गेली आणि तिथल्या शाळांमध्ये प्रयोगशाळा रुजायला तिची मदत झाली. माणूस हट्टीच म्हणायचा. १९१९ मध्ये बोस्टनचे पोलीस संपावर गेले, तेव्हा साठी ओलांडलेले हॉल स्वयंसेवक पोलीस म्हणून पुढे आले. २० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांचं निधन झालं. अर्धवाहकांमध्ये हा व्होल्टेज कितीतरी जास्त मिळतो. त्यामुळे शोध खरा कामाला आला तो नंतर, छोट्या चिपच्या रूपात.

गाडीत हे कुठे लागतं?

पिस्टन वर पोचण्याच्या जरा आधी ठिणगी पडावी लागते. नगरच्या कायनेटिक कारखान्यातली जुनी लूना ज्यांनी चालवली, त्यांना पॉइंट घासून गॅप सेट करणं आठवत असेल. गॅप बदलला की टायमिंग बदलायचं. आता ते काम ईसीयू करतो, पण क्रँक कुठे आहे हे त्याला सेन्सर सांगतो. ३००० आरपीएमला एक फेरा २० मिलिसेकंदात होतो, म्हणजे एका अंशाला सुमारे ५५ मायक्रोसेकंद. सिग्नल गेला की ठिणगी कधी टाकायची हेच कळत नाही आणि इंजिन बंद.

बदलण्याआधी मोजा

पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड. सर्किटमध्ये वायर आणि कनेक्टरही येतात, त्यामुळे सेन्सरच खराब आहे असं लगेच धरू नका.

आधी सेन्सरचा प्रकार बघा. दोन वायरचा सेन्सर बहुतेक वेळा कॉइलवाला असतो. त्याचा रेझिस्टन्स मोजून सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडता येतो. हॉल सेन्सरला साधारण तीन वायर असतात : सप्लाय, अर्थ आणि सिग्नल. आत चिप असल्याने त्याचा रेझिस्टन्स मोजून काही कळत नाही.

इग्निशन चालू करून सप्लाय पाहा. गाडीनुसार तो ५ किंवा १२ व्होल्ट असतो. सप्लाय किंवा अर्थ येत नसेल, तर नवा सेन्सरही चालणार नाही, वायरिंग तपासा. दोन्ही ठीक असतील, तर क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवा. दात समोरून गेला की सिग्नलचा व्होल्टेज वर-खाली व्हायला हवा. नाही झाला, तर सेन्सर काढून टोकाला लोखंडाचा कीस चिकटलाय का, दातांपासूनचं अंतर बरोबर आहे का ते पाहा.

गरम झाल्यावरच गाडी बंद पडत असेल, तर ही तपासणी गरम इंजिनवरच करा, फक्त हात सांभाळून. थंड असताना सेन्सर पास होतो आणि दोष तसाच राहतो. आणि सिग्नल चांगला असून पी००१६ हा कोड येत असेल, तर क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाहीये. तेव्हा टायमिंग बेल्ट किंवा चेन दात सोडून सरकली आहे का ते आधी बघा. बेल्ट सरकलेला असताना सेन्सर बदलून पैसे जातात आणि काही इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून खर्च कितीतरी वाढतो.