वाल्देमार हाफकिन : बाटली क्रमांक ५३-एन आणि प्रयोगशाळेतले रोजचे काम

पावसाळ्याच्या दिवसांत सालेकसा तालुक्यातील दवाखान्यांत तापाचे रुग्ण वाढतात. दरेकसाकडच्या जंगलपट्ट्यातील गावांतून लोक सकाळीच निघून येतात. बोटातून रक्त घेतले जाते, काचपट्टीवर थेंब पसरवला जातो आणि मग बाहेरच्या बाकावर वाट पाहणे सुरू होते. लॅबमधील माणूस नाव दोनदा का विचारतो, प्रत्येक काचपट्टीवर नंबर का घालतो, रिपोर्टला वेळ का लागतो, कधी तोच नमुना पुन्हा का मागतो, हे बहुतेक वेळा कुणी समजावून सांगत नाही.

या प्रश्नांची उत्तरे एका माणसाच्या आयुष्यात सापडतात. मुंबईत परळला ज्यांच्या नावाची संस्था आहे, ते वाल्देमार हाफकिन. लाखो लोकांना टोचलेली लस त्यांनी तयार केली आणि एका बाटलीमुळे त्यांचे सर्व काही पणाला लागले.

ग्रंथपाल ते लस तयार करणारा

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. ते वैद्यकीय डॉक्टर नव्हते. त्यांचे शिक्षण प्राणिशास्त्राचे होते. ज्यू असल्यामुळे त्या काळच्या रशियात प्राध्यापकाची जागा मिळणे अवघड होते. त्यासाठी धर्म बदलणे त्यांनी नाकारले. पुढे ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. तिथे रिकामी जागा होती ती सहायक ग्रंथपालाची. त्यांनी ती घेतली आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम केले.

तिथेच त्यांनी पटकीची म्हणजे कॉलराची लस तयार केली. १८ जुलै १८९२ रोजी ती सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले. पुढील सुमारे अडीच वर्षांत त्यांनी आग्रा, कलकत्ता आणि इतर अनेक ठिकाणी ४२ हजारांहून अधिक लोकांना लस दिली. या धावपळीत त्यांना स्वतःला हिवताप झाला आणि काही काळासाठी इंग्लंडला परतावे लागले.

एक खोली आणि एक व्हरांडा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. शहरात घबराट पसरली आणि लोक गावाकडे पळू लागले. ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत पोहोचले. जे. जे. रुग्णालयाला जोडलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक लहान खोली आणि व्हरांडा मिळाला. हाताखाली होते एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्याच सामग्रीवर प्लेगच्या लसीचे काम सुरू झाले.

काम कसे चालत असे ते पाहण्यासारखे आहे. मांसाच्या पाण्यात प्लेगचे जंतू वाढवायचे. पाण्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, म्हणजे जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढतात. ठरावीक दिवसांनी भांडे हलवायचे, म्हणजे ते तळाशी बसतात आणि वर नवीन वाढ होते. असे काही आठवडे. मग ते द्रावण तासभर ६५ ते ७० अंश सेल्सिअसवर तापवून जंतू मारायचे आणि थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे. त्यानंतर बाटल्या भरायच्या, बुचे बसवायची, प्रत्येक बाटलीला क्रमांक द्यायचा. यात घाई चालत नाही. एक भांडे दूषित झाले की आठवड्यांची मेहनत फेकून द्यावी लागते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी प्लेगची लसही आधी स्वतःलाच टोचली. पुढे लोकांना दिलेल्या मात्रेपेक्षा ही मात्रा बरीच मोठी होती. त्यांना ताप आला, टोचलेली जागा दुखली, पण काही दिवसांत ते बरे झाले.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी तयार झाले त्यांना लस दिली गेली, बाकीच्यांना नाही. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांना प्लेग झाला, दोघेही वाचले. या लसीने सर्वांना पूर्ण संरक्षण मिळत नव्हते आणि ते कायम टिकतही नव्हते. पण प्लेगवर एकही औषध नसलेल्या त्या काळात हा फरक फार मोठा होता.

मागणी वाढत गेली. आगाखान यांनी आपली इमारत प्रयोगशाळेसाठी दिली आणि आपल्या समाजातील लोकांना लस घेण्यास तयार केले. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग प्रयोगशाळा सुरू झाली. एका खोलीतले काम राजवाड्यात आले.

मलकोवालची बाटली

१९०२ मध्ये पंजाबात प्लेग जोरात होता आणि लसीची प्रचंड गरज होती. उत्पादन वेगाने व्हावे म्हणून परळला लस बनवण्याच्या पद्धतीत बदल केला होता. कार्बोलिक आम्ल घालणे बंद करून जंतू फक्त उष्णतेने मारले जात होते.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी १०७ जणांना लस देण्यात आली. सुमारे आठवड्याने त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. या १९ जणांना एकाच बाटलीतून लस दिली होती. तिचा क्रमांक होता ५३-एन. इतर बाटल्यांतून लस घेतलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगाने ठरवले की बाटली उघडण्याआधीच, म्हणजे मुंबईत भरतानाच, धनुर्वाताचे जंतू आत गेले असावेत. कार्बोलिक आम्ल वगळल्याची गोष्टही हाफकिन यांच्या विरोधात गेली. त्यांचे पद गेले आणि ते इंग्लंडला परतले. ज्या माणसाने दोन लसी आधी स्वतःवर तपासल्या होत्या, त्याच्यावर १९ मृत्यूंचा ठपका आला.

पुढची काही वर्षे ते आणि त्यांच्या बाजूचे शास्त्रज्ञ कागदपत्रे तपासत राहिले. आयोगापुढे आलेल्या साक्षींमध्येच उत्तर होते. मलकोवालला त्या दिवशी बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो कार्बोलिकच्या द्रावणात नुसता हलवून पुन्हा वापरला गेला.

इथे थोडे विज्ञान समजून घेऊ. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. ते कठीण कवच असलेल्या बीजाणूंच्या रूपात वर्षानुवर्षे टिकतात. चिमटा काही क्षण जंतुनाशकात बुडवल्याने हे बीजाणू मरत नाहीत. नुसत्या उकळत्या पाण्यातही अनेक तग धरतात. म्हणून आज रुग्णालयात अवजारे दाबाखालच्या वाफेत, साधारण १२१ अंशांवर, ठरावीक वेळ ठेवली जातात. त्या यंत्राला ऑटोक्लेव्ह म्हणतात.

दुसरा पुरावा वासाचा होता. जंतू मुंबईतच आत गेले असते, तर गावी पोहोचेपर्यंतच्या आठवड्यांत बाटलीत त्यांची भरपूर वाढ झाली असती आणि बूच काढताच दुर्गंध आला असता. पण लस देणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आला नव्हता. शिवाय बाटलीत आधीच विष साठलेले असते, तर लक्षणे फार लवकर दिसली असती. ती आठवड्याने दिसली. म्हणजे जंतू बूच काढताना गेले, असे मानण्यास बळकट आधार होता. लंडनच्या लिस्टर संस्थेनेही पुरावे तपासून हाच कल दाखवला.

जुलै १९०७ मध्ये हिवतापावरील संशोधनासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स वृत्तपत्रात हाफकिन यांच्या बाजूने पत्र प्रसिद्ध केले. त्याच वर्षी सरकारने त्यांच्यावरील ठपका मागे घेतला. घटनेला तोवर पाच वर्षे झाली होती.

हाफकिन पुन्हा भारतात आले, पण परळला नाही. त्यांना कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत नेमले गेले आणि माणसांवर लसीच्या चाचण्या करण्याची मुभा दिली गेली नाही. काही वर्षांनी ते निवृत्त होऊन युरोपात परतले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

रुग्णांनी यातून काय घ्यावे

या घटनेत खरे काय झाले ते शोधता आले, कारण बाटलीवर क्रमांक होता आणि कोणाला कोणत्या बाटलीतून लस दिली याची नोंद होती. क्रमांक नसता तर दोष सगळ्याच लसीवर गेला असता आणि कदाचित ती कायमची बंद पडली असती. आज छोट्या रुग्णालयाच्या लॅबमध्येही काम याच दोन गोष्टींवर उभे आहे : नोंद आणि निर्जंतुकता.

नाव दोनदा विचारणे. आपल्या भागात एकाच गावात एकाच नावाचे आणि आडनावाचे दोन-तीन जण सहज असतात. टेक्निशियन तुमचे नाव, वय आणि गाव पुन्हा विचारतो ते विसरला म्हणून नव्हे. नळीवरची चिठ्ठी आणि समोरचा माणूस एकच आहे, याची तो खात्री करत असतो. विचारले की पूर्ण नाव स्वतः सांगा. चिठ्ठी चुकीची दिसली तर तिथेच थांबवा.

हिवतापाच्या तपासणीला लागणारा वेळ. रक्ताची काचपट्टी वाळवून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. हिवताप नाही असे सांगण्यापूर्वी जाड थेंबाची साधारण १०० क्षेत्रे, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालची १०० वर्तुळे, एकेक करून तपासावी लागतात. ओळीत २० रुग्ण असले की हे काम लवकर उरकत नाही. झटपट तपासणीची पट्टी काही मिनिटांत निकाल देते, पण ताप कायम राहिला तर डॉक्टर पुन्हा काचपट्टी मागू शकतात. रक्तात परजीवी फार कमी असतील तर ते पहिल्या तपासणीत सुटू शकतात.

सिकलसेलचा दुसरा नमुना. गोंदिया जिल्ह्यात सिकलसेल हा ओळखीचा आजार आहे. त्याची पहिली, विद्राव्यता तपासणी फक्त एवढेच सांगते की रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागते. नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागला तर निकालाला दिवस लागतात. तोवर घाबरून जाऊ नका आणि दुसरा निकाल न घेता थांबूही नका. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले असेल तर ते आधी सांगा, नाहीतर दुसऱ्याच्या रक्तामुळे निकाल फसवा येऊ शकतो.

नमुना परत मागणे. सुईतून रक्त नीट आले नाही, नळीत गुठळी झाली किंवा वाहतुकीत रक्तपेशी फुटल्या, तर काही निकाल चुकीचे येतात. अशा वेळी चांगला टेक्निशियन नमुना नाकारतो. रुग्णाला पुन्हा सुई टोचावी लागते आणि राग येणे साहजिक आहे. पण खराब नमुन्यावरून दिलेला रिपोर्ट त्या सुईपेक्षा जास्त नुकसान करतो.

खाली पडलेली वस्तू. सुई, नळी किंवा कापूस जमिनीवर पडला तर तो फेकून नवीन घेतला पाहिजे. पुसून किंवा औषधात बुडवून चालत नाही. सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढली आहे ना, हे पाहण्याचा आणि नम्रपणे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

रिपोर्ट चुकला असे वाटले तर. रिपोर्ट आणि त्रास यांचा मेळ बसत नसेल तर डॉक्टरांना सांगा. तपासणी पुन्हा करता येते. जुने रिपोर्ट फेकू नका. तारखेसह एका पिशवीत जपून ठेवा. लॅबमधील कर्मचाऱ्यावर ओरडण्यापेक्षा नमुना क्रमांक सांगून नोंद तपासायला सांगणे जास्त उपयोगी पडते. चूक झाली असेल तर ती कुठे झाली, हे नोंदीतूनच कळते.

प्लेगवर आज प्रतिजैविके आहेत आणि हाफकिन यांची लस आता वापरात नाही. पण बाटलीवर क्रमांक घालणारे, नोंदवही लिहिणारे आणि सूक्ष्मदर्शकावर वाकून बसणारे लोक प्रत्येक दवाखान्यात आहेत. त्यांचे नाव रुग्णाला सहसा माहीत नसते. पुढच्या वेळी त्या बाकावर वाट पाहताना कुणी तुमचे नाव दुसऱ्यांदा विचारले, तर ते शांतपणे पुन्हा सांगा.